गुडघा सांगतो

हर्षदा पालांडेला उचकी लागली ती खर्ड्यामुळे. सरावाला उशीर होत होता म्हणून तिने उभ्याउभ्या भाकरी आणि खर्डा पोटात ढकलला, वर पाणी प्यायचं राहिलं, आणि मॅटवर पाय ठेवते न ठेवते तोच पहिला ‘हिक्’ बाहेर पडला. पस्तीस वर्षांची बाई, कोयना रणरागिणी संघाची कर्णधार, बारा वर्षं डावा कोपरा सांभाळलेली, आणि शाळकरी पोरीसारख्या उचक्या देत उभी! संघातल्या मुलींना तेवढंच हवं होतं.

“ताई, कोण आठवण काढतंय?”

“काढत असेल कुणीतरी कामधंदा नसलेलं,” हर्षदा म्हणाली. “चला, सुरू करा.”

समोरून शर्वरी चाळके चढाईला आली. वय एकवीस, अंग काटक, आणि यंदाच्या लीगमध्ये सगळ्यात जास्त गुण मिळवणारी चढाईपटू. ती हर्षदाच्याच गावची, पाटणच्या वरच्या अंगाची. सहा वर्षांपूर्वी जत्रेतल्या सामन्यात हर्षदाने तिला पाहिलं, तिच्या आईवडिलांसमोर दोन तास ठाण मांडून त्यांचं मन वळवलं आणि तिला कराडच्या शिबिरात आणलं. तेव्हापासून शर्वरी तिच्याच खोलीत राहायची आणि तिचे मोजे न विचारता घालायची.

‘कबड्डी, कबड्डी’ करत शर्वरी डाव्या कोपऱ्याकडे सरकली. हर्षदा जागची हललीसुद्धा नव्हती. तिला फक्त उचकी आली, आणि शर्वरी विंचू चावल्यागत मागे उडाली ती थेट मध्यरेषेपर्यंत. मुली पोट धरून हसल्या. शर्वरीही हसली आणि पुन्हा चढाईला आली.

दुसरी उचकी हर्षदाने तोंड गच्च मिटून गिळली. आवाज आला नाही, खांदा हलला नाही. शर्वरी पुन्हा उडाली.

आता मात्र हर्षदाचं डोकं चालू लागलं. तिसऱ्या वेळी तिने उचकीची वाट न बघता मुद्दाम क्षणभर श्वास धरला, हातपाय मात्र हलवले नाहीत. शर्वरी उडाली. चौथ्या वेळी तिने उलटं केलं. तोंडाने हळूहळू श्वास सोडत राहिली आणि तो सोडतासोडताच झेपावली. दोन महिन्यांत एकाही संघाच्या हाती न लागलेली शर्वरी दाणकन मॅटवर पडली, घोटा हर्षदाच्या हातात.

“तुला कसं कळत होतं गं, मी धरणार म्हणून?” हर्षदाने तिथेच, तिच्या पायावर बसून विचारलं.

शर्वरीने उजवा गुडघा थोपटला. त्यावर काळी नीकॅप होती. “गुडघा सांगतो ना ताई,” ती डोळे मिचकावून म्हणाली. “आज जरा चुकला.”

हर्षदाच्या डोक्यात सणक गेली. चोरी ती चोरी, आणि वर डोळे मिचकावते! ती उठली आणि पाणी प्यायला गेली.

तिला संशय आला तो का, हे समजायचं तर तीन वर्षं मागे जावं लागेल. कबड्डी हा मुळात एका दमाचा खेळ. चढाईला जायचं, ‘कबड्डी’चा घोष करत राहायचं आणि तोच दम संपायच्या आत परत यायचं. पुढे खेळ पडद्यावर गेला, दमाच्या जागी घड्याळाचे तीस सेकंद आले, आणि घोष नावापुरता उरला. चढाईपटू पुटपुटत जायच्या, मध्येच खुशाल श्वास घ्यायच्या. पंच काय, कुणाच्या तोंडात कान घालून बसणार? जुने लोक कुरकुरत राहिले. शेवटी लीगने दममापक आणला.

सामन्याच्या आणि सरावाच्याही प्रत्येक मॅटच्या चार कोपऱ्यांवर चार पेट्या बसल्या. त्यांतून डोळ्यांना न दिसणाऱ्या अगदी आखूड रेडिओलहरी सुटतात आणि खेळाडूच्या छातीवर आपटून परत येतात. छाती केसभर जरी फुगली तरी परतणारी लहर किंचित बदलते, आणि यंत्र तो बदल मोजतं. चढाईपटूने मध्येच श्वास घेतला की लाल दिवा लागतो. दम तुटला, बाद. लोक खूष झाले, खेळ पुन्हा खेळासारखा दिसू लागला. पण पेट्यांना एकटी चढाईपटू वेगळी काढता येत नाही. मॅटवरच्या आठही जणींचे श्वास त्या टिपतात, आणि कुणाला चक्करबिक्कर आली तर लगेच समजावं म्हणून ती सगळी माहिती त्याच क्षणी दोन्ही संघांच्या डॉक्टरांकडे जाते. नियम करणाऱ्यांचा हेतू शंभर टक्के चांगला होता. चांगल्या हेतूने केलेल्या नियमात बोट घालायला जागा सापडते कुणाला, तर ती संघाच्या विश्लेषकाला.

कोयनेचा विश्लेषक मिहीर दांडगे. अठ्ठावीस वर्षांचा, चष्मा सतत नाकाच्या शेंड्यावर, आणि आपण केलेलं काम कुणी विचारलं की लहान मुलासारखा खुलणारा. त्याच दिवशी जेवणाच्या टेबलावर हर्षदाने त्याला गाठलं.

“मिहीर, समोरची धरणार हे शर्वरीला आधी कसं कळतं रे?”

मिहीरने दाराकडे एक नजर टाकली. पण सांगायचा मोह त्याला आवरला नाही.

“ताई, तुम्ही भरलेला हंडा उचलता तेव्हा काय करता?”

“कण्हते.”

“त्याच्या आधी?”

हर्षदाने मनातल्या मनात हंडा उचलून पाहिला. “श्वास धरते.”

“बघा! प्रत्येक जण धरतो. जोर लावायचा तर छाती आधी घट्ट करावी लागते. पकड करणारी खेळाडू झेपावण्याआधी सेकंदाचा तिसरा हिस्सा श्वास धरते. तिचे पाय खोटी हूल देतील, डोळे खोटं बोलतील, पण श्वासाला खोटं बोलता येत नाही. आपल्याला तो डॉक्टरांच्या पडद्यावर आयता मिळतो. तेवढ्यात शर्वरीपर्यंत खबर पोचली की झालं.”

“नीकॅपमधून.”

“हो. मागच्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दुखणं कमी करायला डॉक्टरांनी विजेची सौम्य झुळूक देणारी नीकॅप दिली ना? लीगची लेखी परवानगी आहे तिला. मी फक्त त्या झुळकेत एक जादा ठोका घातला. तो इतका बारीक आहे ताई, की—”

“बास!” हर्षदाने ताट सरकवलं. “कौतुक सांगतोयस की काय मला? चोरी करता आणि वर तिची बारीकी ऐकवता!”

मिहीरचं वाक्य अर्धंच राहिलं. हर्षदा ताट तसंच टाकून प्रशिक्षकांच्या खोलीत गेली.

जगदाळे सर वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, आणि ते इतके शांत आहेत हे बघून हर्षदा आणखी भडकली.

“नियमात कुठं लिहिलंय, श्वास बघायचा नाही म्हणून?” सर म्हणाले. “दाखव मला. माहिती लीग देते, नीकॅपला परवानगी लीगची. आपण काय चोरलं?”

“सर, समोरच्या पोरीला हे ठाऊक नाही ना? मग तिचं काहीतरी चोरलंच की.”

“समोरची पोर तुझे डावपेच बघायला आपल्या जुन्या सामन्यांच्या फिती बघते, ते तुला विचारून बघते का?” सरांनी वर्तमानपत्राची घडी घातली. “हर्षदा, दोन सामने उरलेत. पहिला चषक दारात उभा आहे. पुढच्या वर्षी तू या शिबिराची मुख्य प्रशिक्षक होणार, हे माझ्याकडून ठरलेलं आहे. तू तोंड उघडलंस तर तुझं व्हायचं ते होईल, पण त्या चाळक्यांच्या पोरीचं काय? जन्मभर लोक तिला लबाड म्हणतील. तू आणलीस ना तिला? तूच मातीत घालणार?”

हे मात्र वर्मी लागलं. सर लबाड होते, पण एवढ्यापुरते खोटं बोलत नव्हते. गप्प बसावं तर रोज समोरच्या सात मुलींची फसवणूक करायची, त्यात आपणही सामील. बोलावं तर सहा वर्षं हाताने घडवलेल्या मुलीचं नाव आपल्याच तोंडाने घालवायचं. दोन दिवस हर्षदाने यावर डोकं फोडून घेतलं. तिसऱ्या दिवशी तिने ठरवलं की हे थांबवायचं, पण रीतसर. पोरीचं नाव कमीत कमी खराब होईल अशा पद्धतीने, योग्य त्या माणसाला सांगून.

शर्वरीशी मात्र ती बोलेनाशी झाली. बोलणं उरलं ते ‘पंखा कमी कर’ आणि ‘दार लाव’ एवढंच.

“ताई, माझं काही चुकलंय का?” शर्वरीने एकदा विचारलं.

“तुझं तुला ठाऊक.”

“मला काय ठाऊक असणार? तू सांग की.”

हर्षदा भिंतीकडे तोंड करून पडली. एवढं साळसूदपणे विचारताना हिची जीभ कशी अडखळत नाही, याचाच तिला राग येत होता.

योग्य तो माणूस शोधणं किती अवघड असतं, हे तिला पुढच्या दोन आठवड्यांत कळलं. लीगच्या शिस्तपालन समितीचे सचिव कर्णिक पुण्याला असत; त्यांचा फोन लागायलाच तीन दिवस गेले.

“तक्रार प्रतिस्पर्धी संघाच्या कर्णधारानेच करायची असते,” कर्णिक म्हणाले. “सामना संपल्यापासून अर्ध्या तासात, विहित नमुन्यात.”

“पण साहेब, गडबड आमच्याच संघात आहे. मी त्याच संघाची कर्णधार आहे.”

“म्हणजे तुम्ही प्रतिस्पर्धी नाही.”

“नाही.”

“मग तुमची तक्रार आम्ही कशी घेणार?”

“अहो, मी स्वतः सांगतेय की आम्ही फसवतोय!”

“तसा रकाना नमुन्यात नाही, मॅडम,” कर्णिक म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरोखरच खेद होता. “आणि समजा, आम्ही घेतली तक्रार. दममापकात दोष आहे अशी बातमी होणार. हंगाम संपू द्या. मग आपण एक उपसमिती नेमू.”

फोन ठेवल्यावर हर्षदाने उशीला चार गुद्दे मारले. प्रतिस्पर्धी कर्णधार पाहिजे ना? ठीक. उपांत्य सामना होता गोदावरी संघाशी, आणि गोदावरीची कर्णधार होती रेहाना मुजावर. दोघी राज्याच्या संघात पाच वर्षं हातात हात गुंफून साखळी धरून खेळलेल्या. सामन्याच्या आदल्या दिवशी नाशिकला हॉटेलच्या गच्चीवर हर्षदाने तिला सगळं सांगितलं.

रेहानाने चहाचा कप खाली ठेवला.

“मी तक्रारीचा अर्ज नाही देणार,” ती म्हणाली.

“का?”

“आम्ही हरल्यावर अर्ज दिला तर लोक काय म्हणतील? मुजावर हरली आणि रडीचा डाव खेळली. पंधरा वर्षांत मी पंचासमोर कधी तोंड वाकडं केलेलं नाही. आता जाता जाता करू? आणि आम्ही जिंकलो तर अर्ज द्यायचा प्रश्नच येत नाही.”

“रेहाना, रडीचा डाव आम्ही खेळतोय, तू नाही!”

“ते तुला आणि मला ठाऊक. बघणाऱ्याला काय दिसतं ते बोल.” मग तिने हर्षदाकडे निरखून पाहिलं. “त्या पोरीशी बोललीस का तू?”

“तिच्याशी काय बोलायचं? तोंडावर कबूल झालीय. डोळा मारून सांगते, गुडघा सांगतो म्हणून.”

“तरी विचारून बघ.”

“सगळे मलाच शहाणपण शिकवा,” हर्षदा म्हणाली आणि खाली निघून आली. तिच्याशी सगळे जण किती समजूतदारपणे बोलत होते! प्रत्येकाजवळ एक कारण होतं, प्रत्येकाचं कारण पटण्याजोगं होतं, आणि त्या कारणांच्या आड चोरी मात्र सुखाने चालली होती.

दुसऱ्या दिवशी कोयना जिंकली, अडतीस विरुद्ध एकतीस. शर्वरीचे एकटीचे सतरा गुण. रेहानाने तीनदा तिच्यावर झेप घेतली आणि तीनदा तिच्या हाती नुसती हवा आली. तिसऱ्या वेळी मॅटवरून उठताना तिने हर्षदाकडे पाहिलं. हर्षदाला तिथून पळून जावंसं वाटलं.

सामना संपला. तक्रारीचा अर्धा तास सुरू झाला, रेहाना पंचांशी हात मिळवून निघून गेली, आणि हर्षदाला व शर्वरीला कॅमेऱ्यापुढे उभं करण्यात आलं. निवेदिका उत्साहाने फसफसत होती.

“शर्वरी, सतरा गुण! रहस्य काय या यशाचं?”

“रहस्य कसलं? ताईनं शिकवलं सगळं,” शर्वरी म्हणाली, आणि गेले वीस दिवस आपल्याशी धड न बोललेल्या ताईकडे तिने आशेने पाहिलं. “आणि समोरची धरणार असली की माझा गुडघाच मला सांगतो.”

“ऐकलंत?” निवेदिका कॅमेऱ्याकडे वळली. “गुडघा सांगतो! हर्षदाताई, पोरीचा गुडघा बोलतो म्हणे. तुमचं काय म्हणणं?”

हर्षदाने पुढे चौकशीत सांगितलं की त्या क्षणी तिने काहीच ठरवलेलं नव्हतं. ती फक्त कंटाळली होती. कर्णिकांच्या रकान्याला, रेहानाच्या मानीपणाला, सरांच्या शांत आवाजाला आणि या पोरीच्या निर्लज्ज हसण्याला ती इतकी विटली होती की माइक पुढे आल्यावर तिच्या तोंडून शब्द आपोआप बाहेर पडले.

“बोलतो ना,” ती म्हणाली. “त्याला बोलायला आमच्या विश्लेषकाने शिकवलंय. त्या नीकॅपमध्ये वीज आहे. समोरचीने श्वास धरला की दममापकाकडून आम्हाला कळतं, आमच्याकडून नीकॅपला कळतं, आणि आमची बाई उडी मारते. दोन महिने आम्ही असेच जिंकतोय. आजसुद्धा. मी सगळ्यांना सांगून दमले, कुणाला ऐकायचं नाही. आता तुम्ही विचारलंत, तर ऐका.”

निवेदिकेच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थिजलं. शर्वरी मात्र अजून हसतच होती. ताई गंमत करतेय असं तिला वाटलं असावं. मग तिने हर्षदाचा चेहरा नीट पाहिला. ती खाली वाकली आणि दोन्ही हातांनी नीकॅप दाबून बघू लागली, आत उंदीर शिरलाय की काय असं चाचपल्यासारखी.

“हे तर दुखण्यासाठी हाय ना, ताई?” तिने विचारलं.

तिच्यापुढचा माइक चालू होता. साऱ्या महाराष्ट्राने तो प्रश्न ऐकला. हा आवाज खोटा नाही, हे सहा वर्षं एका खोलीत राहिलेल्या माणसाला कळायला कुठलं यंत्र लागत नव्हतं.

मिहीरचं अर्धं राहिलेलं वाक्य चौथ्या दिवशी चौकशी समितीपुढे पूर्ण झालं. तो ठोका इतका बारीक होता, की तो शर्वरीला जाणवतच नव्हता. कातडीला कळायचं, पाठीच्या कण्याला कळायचं, पायाला कळायचं, पण मनापर्यंत ती बातमी पोचायचीच नाही. शर्वरीला वाटायचं, आपल्याला आतून कळतंय. तिला सांगितलं असतं तर ती ठोक्याची वाट बघत बसली असती आणि उशीर झाला असता, म्हणून मुद्दामच सांगितलं नव्हतं. मिहीर हे सांगताना रडला. जगदाळे सर तिथेही म्हणाले की नियमात तसं कुठं लिहिलेलं नाही, आणि समितीला नियमावली चाळून ते कबूल करावं लागलं.

कोयना संघ बाद झाला, अंतिम सामना गोदावरी खेळणार असं ठरलं. शर्वरीचे हंगामातले सगळे गुण रद्द झाले. तिला काही ठाऊक नव्हतं, असं समितीने लेखी दिलं. ते पत्र कुणी वाचलं नाही. लोकांनी तिचे उड्या मारतानाचे तुकडे जोडून त्यांना बेडकाचं डरावणं लावलं आणि ते घरोघर फिरलं. हर्षदाला निम्मे लोक घरभेदी म्हणाले, निम्मे वाघीण म्हणाले. तिला दोन्हींची सारखीच चीड आली.

कराडच्या शिबिरात ती परतली तेव्हा दुपार होती. शर्वरी खोलीत पिशवी भरत बसली होती. हर्षदाचे मोजे तिने वेगळे काढून, घडी घालून खाटेवर ठेवले होते.

“शर्वरी,” हर्षदा दारातूनच म्हणाली, “मला वाटलं तुला ठाऊक आहे. तूच म्हणालीस ना, गुडघा सांगतो...”

“म्हणाले की. मला तसंच वाटत हुतं.” शर्वरीने वर पाहिलं नाही. “ऑपरेशननंतर वाटलेलं, आता आपलं संपलं. मग हे सुरू झालं. मला वाटलं देवानं एक काढून घेतलं आणि एक दिलं. आईलासुद्धा फोन करून सांगितलेलं मी.”

“मी विचारायला पाहिजे होतं.”

“चौकशीत ऐकलं मी. तू सगळ्यांना सांगितलंस, ताई. मिहीरला विचारलंस, सरांशी भांडलीस, पुण्याला फोन केलास, त्या मुजावरताईला गच्चीवर नेऊन सांगितलंस. वीस दिवस. आन् मी इथं, या खाटेवर हुते.” तिने हाताने अंतर दाखवलं. “एवढ्या अंतरावर.”

 इतके दिवस हर्षदा जगावर वैतागली होती, कारण ज्याला सांगावं तो अंग काढून घेत होता. आता वैतागायला दुसरं कुणी उरलं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली, अशी की तिथे उभं राहवेना.

शर्वरीने पिशवीची चेन ओढली, मग अर्ध्यात सोडून दिली. “चल मॅटवर.”

“आत्ता? कशाला?”

“मला बघायचंय, त्यातलं माझं काय हाय ते.”

हॉल रिकामा होता. दममापकाच्या चारही पेट्या समितीने उचलून नेल्या होत्या, कोपऱ्यांत नुसत्या वायरी लोंबत होत्या. शर्वरीचा गुडघा उघडा होता, ऑपरेशनची गुलाबी रेघ स्पष्ट दिसत होती. हर्षदा डाव्या कोपऱ्यावर उभी राहिली.

पहिली चढाई. शर्वरी आली, डावीकडे हूल दिली, आत सरकली. हर्षदाला तिचा घोटा समोर दिसला, अगदी ताटात वाढल्यासारखा. सोडून द्यावा, असं तिला फार फार वाटलं. जरा बोटं ढिली ठेवली की झालं. पोर हसेल, पिशवी परत उघडेल, मोजे परत चोरेल. आणि त्याच क्षणी तिला कळलं की मिहीरनेही दुसरं काही केलं नव्हतं. तिने झेप घेतली आणि घोटा धरला. शर्वरी आपटली.

“पुन्हा,” शर्वरी म्हणाली.

दुसऱ्यांदा आपटली. तिसऱ्यांदा मांडीला मिठी बसली आणि दोघी रेषेबाहेर गेल्या. चौथ्यांदा शर्वरीचा दम मध्येच तुटला, ती स्वतःच थांबून मागे गेली. पाचव्यांदा, सहाव्यांदा. प्रत्येक वेळी ती उठायची, गुडघा झटकायची आणि म्हणायची, “पुन्हा.” हर्षदाचे दंड भरून आले. रडू येत होतं, पण पकड करताना रडता येत नाही.

सातव्या वेळी शर्वरी आली ती जमिनीलगत. हर्षदा झेपावली, शर्वरी वळली, आणि वळताना तिच्या पायाचा अंगठा हर्षदाच्या मनगटावरून निसटता गेला. पदर लागावा एवढाच. शर्वरीला ते समजलंही नाही. ती मध्यरेषेपलीकडे जाऊन, रिकाम्या हाताने परत आल्यासारखी, कमरेवर हात ठेवून धापा टाकू लागली.

“लागला,” हर्षदा म्हणाली.

“काय?”

“तुझा अंगठा. मनगटाला. मी बाद.”

शर्वरी तिच्याकडे बघत राहिली. “उगाच सांगतीयास.”

“उगाच कशाला सांगू?”

“माझी कीव आली म्हणून.”

हर्षदाने मनगट पुढे केलं. त्यावर काही नव्हतं, असणारही नव्हतं. हॉलमध्ये पंच नव्हता, पेट्या नव्हत्या, तिसरं माणूस नव्हतं.

“अगं, लागला म्हणते ना!” ती ओरडली. “पाच वेळा तुला धरली, तेव्हा आली होती का मला कीव?”

“शपथ घे.”

“शपथ कसली घेतेस माझ्याकडून? लागला म्हणजे लागला!”

हर्षदा तरातरा मॅट ओलांडून बाहेर गेली आणि बाद झालेल्या खेळाडूंच्या बाकावर हाताची घडी घालून बसली.

“ये की आत,” थोड्या वेळाने शर्वरी म्हणाली.

“बाद झालेली माणसं आत येत नसतात.”

“ताई, खरं सांग.”

“सांगितलं,” हर्षदा म्हणाली.

शर्वरी मध्यरेषेवर उभी राहून तिचा चेहरा शोधत राहिली, आणि हर्षदा बाकावरून उठली नाही.